तर्जनी कुठे थांबवायची?

ठाण्यातल्या ज्या रुग्णालयात मी हात दाखवायला जाते, तिथे हाताच्या ओपीडीबाहेर एक लांब बाक आहे. त्या बाकावर बसलेला प्रत्येक जण दुसऱ्याच्या हाताकडे चोरून बघतो आणि स्वतःचा हात ओढणीखाली, रुमालाखाली, नाहीतर पिशवीमागे सरकवतो. मीही तेच करायचे. तिथल्या थेरपिस्ट लोर्नाताई मला एकदा म्हणाल्या, "सुजाता, तू शिकलेली आहेस. तुझ्या हाताचं जे झालं ते लिहून दे. मी बाकावर ठेवते. मोबाईल बघण्यापेक्षा लोक ते वाचतील."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे "तू शिकलेली आहेस" असं कोणी म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही. चाळीतल्या निम्म्या लोकांची अर्जाची कामं याच एका वाक्यावर माझ्याकडे आलेली आहेत. म्हणून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा या आजाराची शास्त्रीय माहिती इथे मिळणार नाही. ती विचारायला संकोच करू नका, आतल्या खोलीत विचारा. मी फक्त बाकावरच्या गोष्टी सांगणार आहे.

हातमोजा

शहापूरला दहावीपर्यंत शिकले. नंतर पप्पांना वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात मालाची चढ-उतार करायचं काम मिळालं आणि आम्ही कल्याण पूर्वेला राहायला आलो. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले आणि डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. माल बाहेर जाण्याआधी तो बरोबर आहे की नाही हे तपासायचं, हे आमचं काम. काचेची उभी नळी असते, तिला ब्युरेट म्हणतात, तिची चावी डाव्या हाताने हळूहळू सोडायची आणि खाली उजव्या हाताने काचेचा चंबू गोल फिरवत राहायचा. चंबूतल्या पाण्याचा रंग पालटला की थांबायचं. एक थेंब जास्त पडला की सगळं पहिल्यापासून. मला हे काम फार आवडतं. एवढ्याशा थेंबावर अख्खी बॅच पास होते की नापास ते ठरतं, आणि ते मी ठरवते, याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

माझ्या बोटाचं काहीतरी बिघडलंय हे सगळ्यात आधी हातमोज्याला कळलं. उजव्या हाताच्या तर्जनीचं, म्हणजे अंगठ्याशेजारचं, बोट मोज्यात पूर्ण शिरेना. टोकाला रबर रिकामं लोंबायचं. बोट पूर्ण सरळ होतच नव्हतं. मग चंबू फिरवताना ठणका सुरू झाला. हा दुखण्याचा प्रकार वेगळा होता. मुरगळल्यासारखा नाही, आतून कोणीतरी हाड पिळतंय असा.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "मोबाईल कमी कर." शेजारच्या काकू म्हणाल्या, "वात आहे." पप्पांनी गरम तेल आणून ठेवलं. तेलाने भागलं नाही तेव्हा आईच्या ओळखीने आम्ही बदलापूरकडच्या एका हाड बसवणाऱ्याकडे गेलो. त्याने माझं बोट धरलं, "पोरी, इकडे बघ," म्हणून मला खिडकीकडे बघायला लावलं आणि बोट ओढलं. मी किंचाळले. परतताना हात मनगटापर्यंत सुजला होता, आणि रिक्षात आई सारखी म्हणत होती, "सूज आली म्हणजे बसलं असणार."

बसलं नव्हतं. बाकावरच्यांना हे मुद्दाम सांगते. हाडाचा फोटो काढल्याशिवाय कोणालाही बोट ओढू देऊ नका, मग तो कितीही गुणी असो.

तो एक शब्द

कल्याणला हाडांच्या तरुण डॉक्टरांनी फोटो काढायला लावला. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. त्यांनी तो उजेडात धरला, खाली घेतला, पुन्हा धरला. मग ते माझ्याकडे न बघता पप्पांशी बोलायला लागले. माझ्या मते आजारपणातला सगळ्यात वाईट क्षण तो असतो, डॉक्टर तुमच्याऐवजी तुमच्या वडिलांशी बोलायला लागतात तो.

"हाडात नको ते वाढलंय. गाठ असू शकते. मी इथे काही सांगणार नाही, ठाण्याला मोठ्या ठिकाणी दाखवा. उशीर नका करू."

"गाठ म्हणजे साधी?" पप्पांनी विचारलं.

"ते तिकडे सांगतील."

त्यांचा राग येत नाही आता. जे माहीत नाही ते माहीत नाही असं त्यांनी सांगितलं, हे उपकारच. पण त्या आठवड्यात आमच्या घरात एक शब्द कोणी उच्चारला नाही. टीव्हीवर तसली जाहिरात आली की आई उठून आवाज बंद करायची. आणि मी भांडी घासताना, वेणी घालताना, माझ्या उजव्या हाताकडे बघून हिशेब करायचे, कापतील तर कुठून कापतील. बोट? मनगट? कोपर? बोट गेलं तर चालेल असं मी मनातल्या मनात कोणाशी तरी घासाघीस करत होते. हात राहू दे, बोट घे. मी देव मानत नाही, आमच्या घरात तसा नवससायास नाही, पण घासाघीस मात्र सुटली नाही.

मंडळातला फोटो

ठाण्याच्या रुग्णालयात हाताच्या डॉक्टर भेटल्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. त्या बुटक्या आहेत, भराभर बोलतात, आणि त्या माझ्याशी बोलल्या. फोटो लावून म्हणाल्या, "हे बघ. हाडाच्या एका कडेने पांढरं ओघळलेलं दिसतंय? मेणबत्तीवरून मेण ओघळतं तसं. मला वाटतंय हा कॅन्सर नाही. पण वाटणं वेगळं आणि खात्री वेगळी. या हाताचा जुना फोटो आहे का? लहानपणीचा?"

"नववीत पडले होते. शहापूरला काढला होता, पंजाचा."

"तो आण. हे तेव्हाही असेल तर माझी खात्री होईल. नसेल मिळत तर हाडाचा तुकडा काढून तपासावा लागेल, आणि या हाडाला विनाकारण हात लावायची माझी इच्छा नाही."

मी आनंदाने पप्पांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता. बाहेर येऊन रिक्षा स्टँडपाशी ते थांबले.

"फोटो आहे," ते म्हणाले.

"मग चांगलंच झालं की. कुठाय?"

"मंडळात."

"मंडळात? माझा फोटो मंडळात कशाला?"

पप्पांनी रुमालाने मान पुसली. "जयंतीला मडकी रंगवायची होती. पताका होत्या. छाप करायला पुठ्ठा घेतला की रंग पितो, फुगतो. फोटोचं प्लास्टिक एकदम चिवट. तुझा हात तर तेव्हा बरा झाला होता ना बाळ..."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या वस्तीत जुना एक्स-रे कोणी टाकत नसे. त्यात ब्लेडने अक्षरं कापायची, मडक्यावर किंवा कापडावर ठेवायचा आणि वरून निळा रंग मारायचा. अक्षरं एकदम रेखीव येतात. छाप कापण्यात पप्पांचा हात वस्तीत कोणी धरत नसे. माझ्या पंजावर त्यांनी मोठ्या अक्षरात 'जय भीम' कापलं होतं.

मी हसले. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा. पप्पा मात्र दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून शहापूरला गेले. मंडळाची पेटी ज्यांच्याकडे असते त्या बाळूकाकांनी म्हणे विचारलं, "अरे, आत्ता कुठली जयंती?" पप्पांनी पेटीच उघडायला लावली. संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून फोटो आणला. त्यावर इतक्या वर्षांच्या निळ्या रंगाचा थर बसला होता. आईने थिनरचा बोळा घेतला आणि पप्पा ओरडले, "हळू! मधे नको घासू, कडेने!" दोघं मिळून फोटो पुसत होते आणि भांडत होते, आणि निळ्याखालून माझी नववीतली बोटं वर येत होती.

मॅडमनी तो फोटो दिव्याच्या पेटीवर लावला. आतून उजेड आल्यावर 'जय भीम' लख्ख उजळलं. खोलीतले शिकाऊ डॉक्टर पुढे सरसावले. मॅडमनी मागे वळून विचारलं.

"हे कापलं कोणी?"

"मी, मॅडम." पप्पा हात जोडूनच उभे होते.

"बोटं का सोडलीत?"

"कडेला मोकळी जागा ठेवावी लागते. नाहीतर रंग बाहेर जातो."

"फार बरं केलंत." मॅडमनी अक्षरांवर एक कागद चिकटवला, कारण त्यांच्यातून येणाऱ्या उजेडाने डोळे दिपत होते. मग वरच्या बाजूला, तर्जनीच्या हाडावर नख ठेवलं. तिथे एक बारीक पांढरी रेघ होती. "सुजाता, बघ. तेव्हाही होतं. इतकी वर्षं हळूहळू ओघळतंय. हा कॅन्सर नाही. तुकडा काढायची गरज नाही. हात कापायचा तर प्रश्नच नाही."

मी तर हात कापायचा विषय काढलाच नव्हता. त्यांना कसं कळलं, कोण जाणे. बाकावरच्या प्रत्येकाच्या डोक्यात तेच असतं, हे आता मला माहीत आहे. पप्पा "येतो जरा" म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

तुमच्याकडेही जुने फोटो असतील, ते कोणत्याही अवस्थेत असले तरी घेऊन या. लाजू नका.

मेणाला मेण

आजाराचं नाव मेलोरिओस्टोसिस. ते नीट म्हणायला मला आठवडा लागला. आईने तो प्रयत्नच केला नाही. आमच्याकडे बुद्धांच्या मूर्तीपुढे संध्याकाळी मेणबत्ती लावतात, तिच्याकडे बघूनच तिने सगळं समजून घेतलं.

"म्हणजे हाडावरनं असं मेण ओघळलंय?"

"हो."

"मग ते वितळवायचं औषध देतील ना?"

"नाही आई. ते औषध अजून निघालेलं नाही."

"मग काय देणार?"

"दुखणं कमी करायला सलाईनमधून औषध. आणि व्यायाम. आणि रात्री बोट सरळ धरायला पट्टी."

"आणि किती दिवस?"

मॅडमनी सांगितलेलं सगळं मी तिला सांगितलं. हा आजार फार थोड्या लोकांना होतो, तो जिवावर बेतत नाही आणि सोडूनही जात नाही. हाडावर थर वाढत जातो, आजूबाजूचं मांस आखडतं, सांधा मिटत जातो. कोणाच्या पायाला होतो, माझ्या बोटाला झाला. आपल्या आईवडिलांच्या चुकीने होत नाही, तेलाने नाही, मोबाईलने नाही. हे वाक्य मी मॅडमना आईसमोर मुद्दाम पुन्हा बोलायला लावलं. कारण आई चाळीत सांगत फिरत होती की मी पोटात असताना तिने जड हंडे उचलले.

मग लोर्नाताईंच्या खोलीतल्या फेऱ्या सुरू झाल्या. त्या वसईच्या, वर्षानुवर्षं ठाण्याला नोकरी करतात. तिथे एका पेटीत कोमट मेण वितळवून ठेवलेलं असतं. त्यात हात बुडवायचा, वर काढायचा, पुन्हा बुडवायचा. हातावर मेणाचा मऊ मोजा तयार होतो. ऊब आत मुरली की सांधा जरा सैल पडतो, मग व्यायाम. आई पहिल्या दिवशी बघतच राहिली. "मेणाच्या आजाराला मेणाचाच शेक?" लोर्नाताई एवढ्या हसल्या की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. त्या खोलीत दुखलं की रडायची मोकळीक होती आणि रडून झालं की व्यायाम पुन्हा सुरू. "रडलीस? झालं? आता परत वाकव."

लॅबमध्ये मला भीती होती की आता मला ऑफिसच्या कामाला बसवतील. आमचे वरिष्ठ पाटकर सर डोंबिवलीतच जन्मलेले, तोंडाने तिखट. त्यांनी मी दिलेली डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "मग? चंबू डाव्या हाताने फिरव, चावी उजव्याने सोड. अंगठा आणि मधलं बोट आहे ना?"

"सर, मी सगळं उलटं शिकलेय."

"अगं, ब्युरेटला काय कळतंय डावं-उजवं? सुलटं शीक. महिनाभर तुझी प्रत्येक बॅच मी पुन्हा तपासतो. चुकलीस तर ओरडतो."

चुकले. ते ओरडले. मग चुका कमी झाल्या आणि एक दिवस त्यांनी पुन्हा तपासणं बंद केलं, मला न सांगता. माझ्या आयुष्यात मला मिळालेल्या मोठ्या पदव्यांपैकी ती एक आहे.

डावा हात

काम डाव्या हाताने निभावलं. जगणं निभेना. सकाळी रिक्षावाल्याला पैसे दिले की तो हात मागे घ्यायचा. "ताई, बोहनी आहे, उजव्या हाताने द्या." दुकानात तेच. मी उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात नोट चिमटून द्यायचे, ती पडायची, मग दोघंही वाकायचो.

मॅडमनी एक ऑपरेशन करून आखडलेलं मांस सैल केलं. वॉर्डमध्ये शेजारच्या खाटेवर भिवंडीच्या एक मावशी होत्या. त्यांचा हात यंत्रमागात सापडला होता. त्या मला सकाळी वेणी घालून द्यायच्या, त्यांच्या एका हाताने आणि माझ्या एका हाताने, असे दोघींचे मिळून दोन. वेणी वाकडी यायची. आम्ही तिला "वॉर्डाची फॅशन" म्हणायचो.

बोट सरळ झालं. पट्ट्या लावल्या, व्यायाम केला, एक दिवस चुकवला नाही. तरी पुढच्या वर्षात ते पुन्हा मिटत गेलं. याचं मला फार वाईट वाटलं, आणि ते इथे लिहायलाच हवं, कारण बाकावर नुसते बरे झालेले लोक बसत नाहीत. शेवटी तर्जनीचं टोक तळव्याला टेकलं. तोंड धुताना, कपडे पिळताना ते मधे यायचं. आणि मला घास घेता येईना. मिटलेल्या बोटामुळे भात खाली सांडायचा.

चुलत बहिणीचं लग्न शहापूरला होतं. मांडवात पंगत बसली. मी वाढणाऱ्याला चमचा मागितला.

"चमचा? पंगतीत?" तो थांबला. "ओ बाळूकाका, मॅडमला चमचा पायजेल!"

सगळी पंगत वळून बघायला लागली. चमचा काही आला नाही. मग मी डाव्या हाताने जेवायला सुरुवात केली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या आत्याने माझ्याकडे बघितलं, आवाज खाली आणून म्हणाली, "सुजे, नवऱ्याकडची माणसं समोर बसलीत गं," आणि आपलं ताट थोडं पलीकडे सरकवलं. तिच्या मनात दुष्टपणा नव्हता. मी पोट भरलंय म्हणून उठले.

दुसऱ्या आठवड्यात मी मॅडमना सांगितलं, आता काहीतरी कायमचं करा.

तीन पट्ट्या

"कायमचं म्हणजे मधला सांधा बंद करायचा," मॅडम म्हणाल्या. "दोन हाडं एकमेकांना जोडून टाकायची. दुखणं जाईल, तळव्यात टोचणार नाही. पण बोट मी जिथे थांबवीन तिथेच राहील. वाकणार नाही, सरळ होणार नाही. जन्मभर."

"कुठे थांबवणार?"

"पुस्तकात एक कोन दिलाय. पण हात तुझा आहे. लोर्नाकडून तीन पट्ट्या करून घे. एकेक घालून राहा. मग तू मला सांग."

लोर्नाताईंकडे गरम पाण्यात मऊ होणारं प्लास्टिक असतं. ऑपरेशननंतर बोट जसं राहील तसं मला आधीच अनुभवता यावं म्हणून त्यांनी सांधा मेणात शेकून, ताणून, सोसवेल तितका उघडला आणि तीन पट्ट्या घडवल्या. एक जवळपास सरळ, एक बरीच वाकलेली, एक मधली. बोटाचं टोक तिन्हींत मोकळं.

सरळ पट्टी आईला बघताक्षणी आवडली. "हीच. हात किती छान दिसतोय."

"आई, याने काही धरता येत नाही."

"धरायला दुसरा हात आहे ना. बघायला आलेली माणसं आधी हात बघतात. चहाचा ट्रे आणलास की हातच दिसतो."

"बरं, मग ट्रे आणून दाखवते."

पप्पा लगेच खाटेवर मांडी घालून मुलाचे वडील झाले. मी सरळ बोटाने ट्रे घेऊन आले. वळताना कप घसरले आणि चहा पप्पांच्या मांडीवर.

"मुलगी काय करते म्हणालात?" पप्पांनी आईला विचारलं.

"चहा सांडते," मी म्हणाले.

आई हसली, पण हटली नाही. कपबशा उचलताना म्हणाली, "तुम्हाला दोघांना गंमत वाटते. उद्या आम्ही नसलो की हिचं कोण?" ती भीती खरी होती. मी पदवीधर आहे, कमावते आहे, तरीही ती खरी होती. त्या आठवड्यात आम्ही दोघी या बोटावरून जितक्या भांडलो तितक्या आयुष्यात भांडलो नव्हतो. ती म्हणायची हात दिसायला हवा. मी म्हणायचे हात चालायला हवा. आणि बोट एकच होतं.

वाकलेली पट्टी लॅबसाठी उत्तम होती. चंबूची मान तीत पक्की बसायची. मी जवळपास तीच ठरवली होती. पाटकर सरांना दाखवली तर ते म्हणाले, "लॅबचा विचार करू नकोस. लॅब तू डाव्या हाताने केव्हाच जिंकलीस. हे बोट जिथे डावा चालत नाही तिथे वापर."

डावा कुठे चालत नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं.

ठरवायच्या दिवशी मी आईला बरोबर नेलं. लोर्नाताईंनी टेबलावर शेंगदाणे, नाणी, किल्ली, पेन असं सगळं मांडलं. मधल्या पट्टीने मी ते उचलून दाखवलं. किल्ली फिरली, पेन चाललं.

"आणि जेवण?" त्यांनी विचारलं.

"इथे कसं बघणार?"

त्यांनी घड्याळाकडे बघितलं, आपली पिशवी ओढली आणि डबा उघडला. भात आणि बांगड्याची आमटी. "घे. माझा डबा आहे, संकोच करू नकोस. शेंगदाण्यावर घास कळत नाही."

मी हात धुतला, भात कालवला, घास केला. अंगठ्याने पुढे ढकलला. अर्धा आला, अर्धा पडला. पुन्हा केला, पुन्हा तसंच. लोर्नाताईंनी पट्टी काढली, गरम पाण्यात बुडवली, बोट किंचित आत घेतलं. जरा बरं झालं, तरी कडेने भात निसटत होता.

कोपऱ्यातल्या स्टुलावर आई पर्स मांडीवर धरून बसली होती. ती उठली, टेबलाशी आली, माझ्या हाताकडे बारकाईने बघितलं.

"ताई, अजून थोडं आत घ्या," ती म्हणाली. "ती घास मोठा घेते. लहानपणापासून."

लोर्नाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. पट्टी पुन्हा पाण्यात गेली. बाहेर आली तेव्हा बोट असं होतं की कोणालाही लांबून वाकडं दिसावं. आईने ते पाहिलं, आणि डब्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आता घे."

घास अख्खा वर आला.

लोर्नाताईंनी त्यावर कोनमापक धरलं. आकडा मी इथे देत नाही. तो माझ्या घासाचा आहे, तुमचा वेगळा असेल. तुम्हाला कधी असं निवडायची वेळ आली तर पुस्तकाचं ऐका, डॉक्टरांचं ऐका, पण ज्या कामासाठी तुमचा जीव अडतो ते काम त्या खोलीत करून बघा. त्यासाठी कोणाचा डबा संपला तरी चालेल.

ऑपरेशनच्या सकाळी मॅडमनी माझ्या बोटावर पेनने खूण केली. "नक्की?"

"नक्की."

"सरळ नको? नंतर बदलता येणार नाही."

"नको."

हाड जुळायला वेळ लागला. आधीच विचित्र हाड, ते सावकाशच जुळलं. हाडात घातलेल्या तारा निघाल्या, प्लास्टर निघालं. आजार माझ्या हातात अजून आहे. औषधाचं सलाईन घ्यावं लागतं, मेणाचा शेक घ्यावा लागतो, थंडीत मनगट ठणकतं. स्थळं येतात, काही माझ्या हाताकडे बघून जातात. जाऊ देत. आई आता चहाचा ट्रे पप्पांना आणायला लावते.

प्लास्टर निघालं त्या दुपारी घरी आलो. आईने मला विचारलं नाही, चमचाही ठेवला नाही. ताटात भात वाढला, त्यावर वरण ओतलं आणि समोर बसली. पप्पा दारात उभे राहिले, बाहेर काहीतरी बघतोय असं दाखवत. मी भात कालवला. तो इतका गरम होता की बोटाच्या टोकाला चटका बसला. किती तरी महिने मी घरी चमच्याने जेवत होते, जेवण गरम आहे की गार हे तोंडात गेल्यावरच कळायचं.

"अगं, फुंकर तरी मार," आई म्हणाली.

मी मोठा घास केला आणि तसाच तोंडात घातला. जीभ भाजली. डोळ्यांत पाणी आलं. आई ओरडायला लागली, आणि मी दुसरा घास उचलला.